दंतकथेची उलटतपासणी

कॅनडाच्या व्हँकुव्हर बेटावर पचिना नावाचा उपसागर आहे. तिथल्या हू-ए-आट या मूलनिवासी समाजात एक हकिकत चालत आली आहे. रात्री जमीन हादरली, मागोमाग समुद्र चालून आला आणि किनाऱ्यावरचं गाव वाहून गेलं. वाचले ते उंचावर राहणारे. १९६४मध्ये मुखिया लुई नूकमिस यांच्याकडून ती नोंदवून घेतली गेली. या किनाऱ्यावर महाभूकंप होतात, याचा भूशास्त्रीय पुरावा तेव्हा हाती नव्हता.

तो पुढे मिळाला. १९८७मध्ये ब्रायन ॲटवॉटर यांनी दक्षिणेकडे, वॉशिंग्टनच्या किनाऱ्यावर, अचानक खचलेली दलदल आणि तिच्यावर पसरलेली त्सुनामीची वाळू दाखवली. खाऱ्या पाण्यात उभ्याउभ्या मेलेल्या रेड सीडर वृक्षांचं शेवटचं वलय १६९९चं निघालं. जपानी दप्तरांत जानेवारी १७००मध्ये भूकंप न जाणवताच आलेल्या लाटांच्या नोंदी होत्या. लाटांना महासागर ओलांडायला लागलेला वेळ वजा करून केंजी सताके आणि सहकाऱ्यांनी १९९६मध्ये भूकंपाची वेळ काढली: २६ जानेवारी १७००, रात्री सुमारे ९.

गाळ पाहून ‘रात्र’ कळत नाही, म्हणून या तपशिलाला वजन आहे. एकटी रात्र योगायोगानेही जुळली असती. पण आधी हादरा, मग लाट हा क्रमही जुळतो आणि कथा शास्त्रीय शोधाआधीची आहे.

ऑरेगॉनमधल्या क्रेटर लेकची गोष्ट वेगळी. क्लॅमथ लोकांच्या कथेत दोन दैवी शक्तींच्या युद्धात पर्वत कोसळतो. माउंट मझामा ज्वालामुखी सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी खरोखरच आत ढासळला. त्याच्या राखेखाली विणलेल्या चपला सापडल्या आहेत, म्हणजे माणसं त्याआधीच त्या प्रदेशात होती. तरीही ५९४ मीटर खोल तळ्याचं ते प्रचंड विवर आजही डोळ्यांसमोर आहे. ते पाहूनही कुणी कथा रचू शकतो. ही आठवण असणं शक्य आहे, सिद्ध मात्र नाही.

परशुरामाने समुद्र हटवून कोकण वसवल्याच्या कथेलाही हीच कसोटी लावावी. डोंगर आणि समुद्र यांच्यामधली चिंचोळी पट्टी पाहून सुचणार नाही, असा कोणता तपासण्याजोगा तपशील ती देते? तो सापडेपर्यंत तिला श्रद्धेचं स्थान आहे, पुराव्याचं नाही.