मतपत्रिकेवर पक्ष नसलेलं विधिमंडळ

21 डिसेंबर 2020 रोजी अमेरिकी काँग्रेससमोर 5,593 पानांचं एक विधेयक आलं. वर्षभराचा सरकारी खर्च, करोनाकाळातली मदत आणि इतर बरंच काही त्यात कोंबलेलं. दुपारी मसुदा हाती पडला, रात्रीपर्यंत दोन्ही सभागृहांनी तो मंजूरही केला. वाचला कुणी, हे विचारायची सोय नव्हती. वर्षभर दोन्ही पक्षांनी एकमेकांना अडवायचं आणि शेवटच्या घटकेला सगळं एका गाठोड्यात बांधायचं, ही तिथली रीतच होऊन बसली आहे.

त्याच देशातल्या नेब्रास्का राज्यात मात्र वेगळा प्रयोग चालू आहे: एकाच सभागृहाच्या विधिमंडळाचा. 1934 मध्ये जॉर्ज नॉरिस या रिपब्लिकन सिनेटरने त्यासाठी राज्य पिंजून काढलं. त्यांचा राग होता दोन सभागृहांच्या संयुक्त समितीवर. मतभेद मिटवण्याच्या नावाखाली मूठभर लोक बंद दाराआड कायदा बदलतात आणि दोष कुणाच्याच माथी येत नाही, असं त्यांचं म्हणणं. मंदीच्या दिवसांत 133 आमदारांऐवजी 43 हा हिशेबही लोकांना पटला आणि त्यांनी मतदानातून या बदलाला होकार दिला. (त्याच मतपत्रिकेवर दारूबंदी उठवण्याचा प्रस्ताव होता, त्याचाही हातभार लागला असावा!) 1937 पासून तिथे एकच सभागृह आहे. आज सदस्य 49, आणि मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नाही.

पण खरी करामत कामकाजाच्या नियमांत आहे. एका विधेयकात एकच विषय. विधेयकांवर जाहीर सुनावणी, जिथे कुणीही नागरिक येऊन बोलू शकतो. समित्यांचे अध्यक्ष गुप्त मतदानाने ठरतात, त्यामुळे कमी संख्येच्या पक्षाचे सदस्यही अध्यक्ष झाले आहेत. पक्षाचा गटनेताच नाही, तर मत देताना लपायचं कुणामागे?

तरी 2023 मध्ये ट्रान्सजेंडर मुलांच्या उपचारांवर निर्बंध घालणाऱ्या विधेयकाला ऐनवेळी 12 आठवड्यांनंतरच्या गर्भपाताची बंदी जोडली गेली. मॅकायला कॅव्हनॉ या सदस्येने मूळ विधेयकाच्या निषेधार्थ आठवडेच्या आठवडे भाषणं करून कामकाज रोखलं होतं. विधेयक संमत झालंच. दोन्ही बाबी एकाच विषयात मोडतात, असा निर्वाळा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये दिला.

थोडक्यात, मतपत्रिकेवरून नाव पुसलं म्हणून पक्ष जात नाही. म्हणून वॉशिंग्टनने नेब्रास्काकडून उचलायचे ते नियम. विधेयकात एकच विषय हा दंडक चाळीसहून अधिक राज्यांच्या घटनांत आहे. तो आणि सक्तीची जाहीर सुनावणी काँग्रेसमध्ये आणायला घटनादुरुस्ती लागत नाही. आपल्या कामकाजाचे नियम ठरवण्याचा अधिकार अमेरिकेच्या घटनेने प्रत्येक सभागृहाला आधीच दिलेला आहे.