राक्षसाचा प्राण आणि दुर्योधनाची मांडी

सात समुद्रांपलीकडे एक निबिड अरण्य आहे. त्या अरण्यात एक पिंजरा आहे, पिंजऱ्यात एक पोपट आहे, आणि त्या पोपटात राक्षसाचा प्राण आहे. मराठी घरात वाढलेल्या आणि ही गोष्ट कधीच न ऐकलेल्या मुलाची भेट होणे कठीण. राक्षसाच्या अंगावर तलवार चालत नाही, बाण बोथट होतात. परंतु राजपुत्र पोपटाची मान मुरगाळतो आणि इकडे राक्षस धाडकन कोसळतो. ऐकणाऱ्या मुलाला त्यात काहीच अशक्य वाटत नाही. राजपुत्र पिंजऱ्यापर्यंत वेळेवर पोहोचतो की नाही, एवढीच त्याला काळजी असते.

एका कथेतून सुटी काढून दुसऱ्या कथेत बसविता येईल अशा कल्पनेला लोकसाहित्याचे अभ्यासक ‘कल्पनाबंध’ म्हणतात. शरीराबाहेर ठेवलेला प्राण हा असाच एक कल्पनाबंध होय. स्टिथ थॉम्प्सन या अमेरिकन विद्वानाने जगातील निरनिराळ्या लोकांच्या कथांतून असे हजारो कल्पनाबंध गोळा केले आणि १९३२ ते १९३६ या काळात त्यांची सूची प्रसिद्ध केली. पुढे १९५५ ते १९५८ या वर्षांत तिची वाढविलेली आवृत्ती सहा खंडांत निघाली. या सूचीने अभ्यासाची मोठी सोय झाली, हे निर्विवाद आहे; पण तिच्याबरोबर एक मोहही आला. नाव हाती आले की ती वस्तू जिकडेतिकडे दिसू लागते. शरीराबाहेरील प्राणाची उदाहरणे द्या, असे सांगितले की रावण, अकिलीस, दुर्योधन, हिरण्यकशिपू अशी नावे भराभर पुढे येतात. ही नावे ऐकावयास भारदस्त आहेत. ती खरी उदाहरणे आहेत काय, हे मात्र ताडून पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

ताडून पाहावयाचे तर आधी माप हवे. ते एका निःसंदिग्ध कथेवरूनच घेणे बरे. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांची कन्या मेरी फ्रिअर हिने १८६८ मध्ये दख्खनमधील कथांचा एक संग्रह इंग्रजीत प्रसिद्ध केला. या कथा तिला तिच्या आयेने सांगितल्या होत्या. त्या आयेचे नाव अॅना लिबरेटा डिसूझा. तिने त्या आपल्या आजीकडून ऐकल्या होत्या. या संग्रहातील पहिली कथा पंचकिन नावाच्या जादूगाराची आहे. त्याने एका राणीला पळवून नेऊन कोंडून ठेवले आहे आणि तिच्या पतीचे व त्याच्या भावांचे दगड करून टाकले आहेत. राणी त्याला गोड बोलून त्याच्या प्राणाचे गुपित काढून घेते: दूर देशीच्या अरण्यात ताडांच्या झाडांचे एक रिंगण आहे, रिंगणाच्या मध्यभागी एकावर एक रचलेल्या पाण्याच्या सहा घागरी आहेत, आणि सर्वांत खालच्या घागरीखाली पिंजऱ्यात एक लहानसा हिरवा पोपट आहे. राणीचा मुलगा तो पोपट मिळवितो. दगड झालेल्या आप्तांना पुन्हा माणसे करावयास तो जादूगाराला भाग पाडतो. मग तो पोपटाचा उजवा पंख उपटतो, तोच जादूगाराचा उजवा हात गळून पडतो. दुसऱ्या पंखाबरोबर दुसरा हात जातो, पायांबरोबर पाय जातात, आणि मान मुरगाळताच जादूगार मरतो.

या कथेतील पंख आणि हात यांचा संबंध विशेष लक्ष देण्याजोगा आहे. पोपट हा जादूगाराचा केवळ लाडका पक्षी असता, तर पक्ष्याच्या मृत्यूने त्याला दुःख झाले असते. त्याचा हात तुटला नसता. ‘पोपट मेल्याच्या दुःखाने जादूगार मेला,’ असे स्पष्टीकरण कोणी दिले, तर उदाहरण बरोबर आणि स्पष्टीकरण चूक, असा प्रकार होईल. हा दोष वरवर लहान दिसतो. पण ज्याला उदाहरण का बरोबर आहे हे सांगता येत नाही, त्याला ते सापडले नसून केवळ आठवले आहे, असेच म्हणावे लागते. कथेतील दुवा भावनेचा नाही. प्राण खरोखरच देहाबाहेर आहे. तो ज्या वस्तूत आहे तिला इजा झाली की धन्याला इजा होते, ती सुरक्षित असेतो धनी मरत नाही. माप ते एवढेच. प्राण लपविलेला असणे, तो पक्ष्यात असणे, धनी दुष्ट असणे या गोष्टी पुष्कळदा येतात. त्या आल्याच पाहिजेत असे नाही.

आता रावण. त्याच्या नाभीत अमृत होते आणि रामाने ते बाणाने शोषून घेतल्यावर तो मेला, ही कथा सर्वतोमुखी आहे. अध्यात्मरामायणात ती आहे, तुलसीदासांच्या रामचरितमानसातही आहे. वाल्मीकीच्या रामायणात मात्र ती नाही. तेथे मातली हा सारथी रामाला ब्रह्मदेवाच्या अस्त्राची आठवण देतो आणि तो बाण रावणाचे हृदय भेदतो. तेव्हा नुसते ‘रामायणात’ असे लिहून भागत नाही. कोणत्या रामायणात, हे सांगावे लागते. बरे, अध्यात्मरामायणच घेतले, तरी अमृत आहे ते रावणाच्या स्वतःच्या देहात. सात समुद्रांपलीकडे नव्हे. ते मर्मस्थान झाले. ग्रीक वीर अकिलीस याची टाच याच जातीची. आईने त्याला स्टिक्स नदीच्या पाण्यात बुडविले, तेव्हा हातात धरलेली टाच तेवढी कोरडी राहिली, ही गोष्टही होमरच्या इलियडमध्ये नाही; ती इसवी सनाच्या पहिल्या शतकातील स्टेशियस या रोमन कवीच्या काव्यात आढळते. थॉम्प्सन यांच्या सूचीत देहाबाहेरचा प्राण एका विभागात आहे आणि अकिलीसची टाच दुसऱ्याच विभागात, आणि ते योग्यच आहे. पहिल्या प्रकारच्या कथेत नायकाला प्रवास करावा लागतो. दुसऱ्या प्रकारात नेम धरावा लागतो. कथेचा सारा रस्ताच निराळा होतो.

हिरण्यकशिपूविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. त्याचा प्राण कोठेही ठेवलेला नव्हता. वर मागताना त्याने पुष्कळ वाटा बंद केल्या आणि एक फट राहून गेली. वाल्मीकीचा रावणही वस्तुतः याच पंक्तीत बसतो: देव, दानव, यक्ष यांच्यापासून त्याने अभय मागितले, मनुष्याला क्षुद्र समजून वगळले.

दुर्योधनाचे उदाहरण मात्र इतक्या सहज सोडता येणार नाही. प्रचलित कथा अशी: युद्धाच्या अखेरीस गांधारीने डोळ्यांवरची पट्टी सोडून पुत्राच्या उघड्या देहावर दृष्टी फिरविली, त्यामुळे तो देह वज्रासारखा झाला, परंतु त्याने लज्जेने कमरेखालचा भाग झाकून घेतला होता, म्हणून मांड्या तेवढ्या कच्च्या राहिल्या आणि भीमाने तेथेच गदा मारली. कथा रंगतदार आहे, पण व्यासांच्या भारतात ती नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने देशोदेशींची हस्तलिखिते पडताळून महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली. विष्णु सीताराम सुकथनकर १९२५ पासून तिचे प्रमुख संपादक होते. त्यांच्या निधनानंतरही काम चालू राहिले आणि १९६६ मध्ये ते पूर्ण झाले. त्या आवृत्तीत गांधारीच्या दृष्टीने पुत्राचा देह वज्र झाल्याचा प्रसंग नाही. स्त्रीपर्वात तिच्या दृष्टीचा प्रभाव दिसतो तो वेगळ्याच रीतीने: पट्टीच्या फटीतून तिची नजर युधिष्ठिराच्या बोटांवर पडते आणि त्याची नखे काळवंडतात.

येथे घाईने थांबणाऱ्याची फसगत होते. कारण वनपर्वात एके ठिकाणी, गंधर्वांकडून अपमानित झालेला दुर्योधन प्राणत्याग करू पाहतो तेव्हा, दानव त्याला सांगतात की त्याच्या देहाचा वरचा भाग वज्राचा असून शस्त्रांनी अभेद्य आहे आणि खालचा भाग देवीने फुलांचा घडविला आहे. म्हणजे अर्धा देह कठीण, अर्धा कोमल, ही कल्पना महाभारतात मुळीच नाही असेही म्हणता येत नाही. पडताळा हा असा दुधारी असतो. आपल्या मताला सोयीचे तेवढे वाचून ग्रंथ मिटणे हा पडताळा नव्हे.

मग गदायुद्धातील प्रहार मर्मस्थानाचे उदाहरण ठरतो काय? त्यासाठी तो प्रसंगच वाचावयास हवा. युद्ध चालू असता अर्जुन विचारतो, दोघांत श्रेष्ठ कोण? श्रीकृष्ण सांगतो की भीमाचे बळ अधिक, परंतु दुर्योधनाचे कौशल्य अधिक. भीम न्यायाने लढला तर जिंकणार नाही. मग तो भीमाच्या प्रतिज्ञेची आठवण देतो. द्यूतसभेत दुर्योधनाने द्रौपदीला आपली डावी मांडी उघडी करून दाखविली होती, आणि ती गदेने फोडीन अशी भीमाने तेथेच शपथ घेतली होती. अर्जुन आपल्या मांडीवर थाप मारून भीमाला खूण करतो. गदा पडते, दुर्योधनाच्या मांड्या भंगतात. बलराम क्रोधाने नांगर उगारून धावतो, कारण नाभीखाली प्रहार करणे गदायुद्धाच्या नियमाविरुद्ध आहे. दानवांनी सांगितलेल्या फुलांच्या देहाची गोष्ट या वेळी कोणी काढीत नाही.

मांडी हे केवळ कच्चे स्थान मानले, तर या प्रसंगाचे काय होते ते पाहावे. भीम हा शत्रूचे वर्म जाणणारा चतुर योद्धा ठरतो. बलरामाचा संताप निष्कारण वाटू लागतो. द्रौपदीच्या अपमानाचा या मांडीशी असलेला संबंध पुसला जातो. आणि पांडवांनी अधर्माने जय मिळविला काय, हा जो प्रश्न व्यासांनी मुद्दाम उघडा ठेवला आहे, तो विचारण्याचे कारणच उरत नाही. गांधारीची लोककथा टाकाऊ आहे, असा याचा अर्थ नव्हे. ती मर्मस्थानाचे चांगले उदाहरण आहे. फक्त ती लोककथा म्हणून सांगावी आणि व्यासांच्या नावावर घालू नये.

एक चूक आपल्या भाषेमुळेही होते. ‘म्हातारीचा जीव नातवात आहे,’ ‘कंजुषाचा प्राण पैशात,’ असे मराठीत आपण सहज म्हणतो. त्याच ओघात कोणी दशरथाचे उदाहरण देतो: त्याचा प्राण रामात होता, राम वनात गेला आणि तो मेला. बोलण्यात हे शोभते. माप लावले की टिकत नाही. राम अरण्यात सुखरूप होता. त्याला ओरखडाही उठला नव्हता, तरी दशरथ मेला. पंचकिनचा पोपट हजारो कोस दूर होता आणि पंचकिन खुशाल होता. दशरथाचा मृत्यू विरहाचा आहे, आणि ते दुःख जादूच्या कोणत्याही पोपटापेक्षा मोठे आहे.

जी उदाहरणे चुकीने घेतली जातात तशीच काही चुकीने टाकलीही जातात. प्राण लपवितो तो राक्षसच, अशी मनाची सवय झालेली असते. इजिप्तमधील सुमारे ३२०० वर्षांपूर्वीच्या एका पपायरसावर दोन भावांची कथा लिहिलेली आहे. तो लेख लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यातील धाकटा भाऊ बाता हा निरपराध आहे. तो आपले हृदय काढून एका झाडाच्या फुलावर ठेवतो. त्याची पत्नी फितूर होऊन ते झाड तोडविते, आणि बाता जागच्या जागी मरून पडतो. थोरला भाऊ तीन वर्षे शोध करतो. अखेर त्याला ते हृदय बीजाच्या रूपात सापडते. तो ते थंड पाण्यात घालतो, ते पाणी पिते, आणि बाताच्या देहात हालचाल सुरू होते. येथे राक्षस नाही, पिंजरा नाही. तरी देहाबाहेरच्या प्राणाचे याहून चोख उदाहरण क्वचितच मिळेल.

आणि अशीच एक कथा फ्रिअरच्या त्याच दख्खनी संग्रहात आहे. सोदेवाबाई नावाच्या राजकन्येचा प्राण तिच्या गळ्यातील सोन्याच्या मण्यांच्या हारात आहे. तिची सवत तो हार चोरविते. दुसऱ्या कोणाच्या गळ्यात तो हार असेतो सोदेवाबाई मृतवत् पडून राहते. रात्री तो गळ्यातून निघाला की तिचा श्वास परत येतो, आणि सकाळी पुन्हा नाहीसा होतो.