सगळे रिपोर्ट नॉर्मल

सोमवार. सरकारी मेडिकल कॉलेजातली मानसोपचाराची ओपीडी. बाहेरचे बाक सकाळीच भरलेत. माझ्या टेबलाशेजारी एमबीबीएसची पोरं उभी आहेत. त्यांच्या पोस्टिंगचा पहिला आठवडा चालू आहे. आज हिस्टरी त्यांनी घ्यायची आणि मी ऐकायचं, असं ठरलंय.

मेडिसिनकडून रेफर झालेली पंचेचाळिशीची बाई आत येते, मागून नवरा. त्याच्या प्लास्टिकच्या पिशवीतून वर्षभराचे कागद टेबलावर येतात. एक्स-रे, सोनोग्राफी, थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन. सगळे रिपोर्ट नॉर्मल. ताकदीची सलाईन किती लागली, ते नवऱ्यालाही सांगता येत नाही.

एक विद्यार्थिनी विचारायला लागते. डोकं जड, अंगदुखी, हातापायाला मुंग्या, छातीत धडधड. भराभर लिहून ती हळूच मला विचारते, "सर, बी-ट्वेल्व्ह?"

"ते तपासू. आधी झोपेचं विचार."

"पहाटं तीनला डोळा उघडतो," बाई सांगते. "मग नुसती पडून राहते." जेवण? "गिळायचं म्हणून गिळते." पूर्वी काय आवडायचं? बाई पहिल्यांदाच मान वर करते. गावच्या भजनात टाळ धरायची. दिवाळीपासून गेलेली नाही, मनच लागत नाही म्हणते.

मुलगी आता लिहायची थांबलीय. दोन आठवडे किंवा जास्त, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ उदासी किंवा कशातच गोडी नसणं, जोडीला झोप, भूक, थकवा, अपराधीपणा. पुस्तकातलं नैराश्य ते हेच. फक्त आपल्या ओपीडीत ते बऱ्याचदा अंगदुखी सांगत येतं.

एक प्रश्न अजून बाकी आहे. मी नवऱ्याला बाहेर बसायला सांगतो आणि मुलीला खूण करतो. ती अवघडते. डोक्यात नसलेलं आपणच घालू, ही भीती पोरांना असतेच. पण विचारल्याने आत्महत्येचा धोका वाढत नाही, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. ती खुर्ची पुढे ओढते. "मावशी, जीव नकोसा वाटतो का? काही करून घ्यावंसं वाटतं?"

बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळते, सोडते, पुन्हा गुंडाळते. "विहिरीकडं पाय वळत्यात, पोरी. परवा काठावर बसून आले."

इतके दवाखाने झाले, पण हे तिला कुणी विचारलेलं नाही. मला याचा राग येतो.

काही दिवस इथे राहाल का, असं मी थेट तिलाच विचारतो. 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याप्रमाणे ती स्वतः निर्णय घेऊ शकत असेल, तर संमती तिचीच लागते. दाखल करायला नवऱ्याची सही पुरत नाही. ती हो म्हणते. मग तिच्या परवानगीने नवऱ्याला आत घेतो.

"येड लागलंय का हिला?"

"नाही काका. आजार आहे, आणि त्याला औषध आहे. मला सांगा, कधी याच्या उलट झालं होतं का? झोप नाही तरी अंगात भलता जोर, अखंड बडबड, वारेमाप खर्च?" नाही म्हणतो. हे विचारावंच लागतं. बायपोलर असेल आणि नुसती नैराश्याची गोळी दिली, तर पेशंट उन्मादात जाऊ शकतो. "आणि फवारणीचं औषध कुठं ठेवता?" गोठ्यात. ती घरी येण्याआधी ते तिथून हलवायचं आणि कुलपात ठेवायचं, हे मी त्याच्याकडून दोनदा वदवून घेतो.

एस्सिटॅलोप्राम सुरू होते. पहिल्या आठवड्यात मळमळेल. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतील. बरं वाटलं तरी पुढे निदान सहा महिने गोळी सोडायची नाही. हे आधी नीट सांगितलं नाही, तर आठ दिवसांत गोळी सुटते.

पुढचा पेशंट कॉलेजातला तरुण. अचानक छाती धडधडते, घाम फुटतो, आता मरतो असं वाटतं, दहा मिनिटांत कळस होऊन ओसरतं. ईसीजी, टूडी एको दोन्ही ठीक. 'पॅनिक!' पोरं लगेच ओळखतात.

तेवढ्यात ऑर्थोच्या वॉर्डातून कॉल येतो. पाय मोडलेला माणूस, दाखल होऊन तिसरा दिवस. हात थरथरताहेत, अंग घामाने निथळतंय, चादरीवरचे न दिसणारे किडे तो वेचतोय. एक विद्यार्थी पुटपुटतो, "स्किझोफ्रेनिया?" मी त्याला पेशंटला वार आणि जागा विचारायला सांगतो. पेशंटला दोन्ही सांगता येत नाही. स्किझोफ्रेनियात भान सहसा असं हरपत नाही. बायको सांगते, रोज दारू लागायची, अपघातापासून बंद. हे दारू तुटल्याचं डिलिरियम आहे. यात जीव जाऊ शकतो. लोरॅझेपाम सुरू करायचं, आणि ग्लुकोजची बाटली लावण्याआधी थायमिन शिरेतून द्यायचं. सिस्टर ती बाटली बाजूला ठेवतात. मी पोरांना औषधांच्या ट्रेजवळ उभं करतो आणि हा क्रम पुन्हा म्हणून घेतो.

यातली बहुतेक पोरं उद्या गावोगावच्या दवाखान्यांत बसतील, मानसोपचारतज्ज्ञ होणार नाहीत. म्हणून त्यांना आणि आज दवाखाना चालवणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला माझी विनंती आहे. नॉर्मल रिपोर्ट घेऊन पुन्हा पुन्हा येणाऱ्या पेशंटला नवी तपासणी लिहिण्याआधी झोप विचारा, गोडी विचारा, आणि जीव नकोसा वाटतो का तेही विचारा. केसपेपरवर टेली-मानसचा नंबर लिहून द्या, 14416. तो चोवीस तास चालू असतो, मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.