वायूची संपत्ती आणि विजेचा हिशेब

देऊळगाव राजा हे गाव बालाजीच्या यात्रेसाठी जसे विख्यात आहे, तसेच गेल्या काही वर्षांत ते भाजीपाल्याच्या संकरित बीजोत्पादनासाठीही ओळखले जाऊ लागले आहे. शेडनेटखाली एकेका फुलाचे हाताने परागीकरण करून तयार होणारे हे बियाणे पाण्याची एक पाळी चुकली तरी हातचे जाते. विहिरीत पाणी असणे एवढेच येथे पुरेसे नसते. ते वेळेवर उपसता आले पाहिजे, आणि ती वेळ बहुधा शेतकरी ठरवीत नाही, वीज ठरविते. कृषिपंपांना आळीपाळीने काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री वीज देण्याचा शिरस्ता महाराष्ट्रात वर्षानुवर्षे चालत आला. साप-विंचवाच्या भयाने हातात बॅटरी घेऊन मध्यरात्री पाणी द्यावयास जाणे म्हणजे काय, हे या भागातील कुटुंबांस सांगावे लागत नाही.

या प्रश्नाचे मूळ शोधू गेल्यास त्याचा एक धागा थेट अरबी समुद्रापर्यंत जाऊन पोहोचतो, असे म्हटल्यास कित्येकांना आश्चर्य वाटेल. १९७४ साली 'बॉम्बे हाय' येथे तेल सापडले आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. तेलाबरोबर नैसर्गिक वायूही वर येऊ लागला. परंतु तो किनाऱ्यावर आणण्याची आणि वापरण्याची व्यवस्था वेळेवर उभी न राहिल्यामुळे प्रारंभीच्या काळात त्यातील बराच भाग समुद्रावरच जाळून टाकावा लागला. पुढे राज्य वीज मंडळाने उरण येथे वायूवर चालणारे केंद्र उभारले. त्याची क्षमता टप्प्याटप्प्याने वाढत गेली. तथापि वायूच्या वाटपात खत कारखान्यांसारख्यांचा अग्रहक्क असल्याने ती पूर्णपणे वापरता येईल एवढा वायू या केंद्रास सातत्याने मिळाला नाही. संपत्ती सापडणे ही एक गोष्ट आणि तिचे नियोजन करणे ही दुसरी, हा पहिला धडा आपणांस उरणने दिला.

दुसरा धडा फार महाग पडला. जून १९९२ मध्ये एन्रॉन या अमेरिकन कंपनीशी दाभोळ येथील प्रकल्पाबाबत समझोता झाला आणि डिसेंबर १९९३ मध्ये वीजखरेदीचा करार झाला. आयात केलेल्या द्रवरूप वायूवरील ही वीज महाग पडेल आणि एवढ्या विजेची राज्यास निकड नाही, असे सांगून जागतिक बँकेने १९९३ सालीच या प्रकल्पास अर्थसाह्य देण्याचे नाकारले होते. तरीही करार झाला. तरीही करार झाला. १९९५ मध्ये नव्या शासनाने तो रद्द केला आणि पुन्हा वाटाघाटी करून प्रकल्प अधिक मोठा केला! डॉलरशी निगडित दर, आणि वीज उचलली नाही तरी द्यावयाचा स्थिर आकार, हा या कराराचा गाभा होता. १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा नाफ्थ्यावर सुरू झाला. नाफ्थ्याचे भाव चढले, रुपया घसरला, आणि काही महिन्यांत युनिटचा दर सात रुपयांच्याही पुढे गेला. मे २००१ मध्ये मंडळाने वीज घेणे थांबविले, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात एन्रॉनचेच दिवाळे निघाले.

पुढे २००५ साली एनटीपीसी आणि गेल या सार्वजनिक कंपन्यांच्या पुढाकाराने 'रत्नागिरी गॅस अँड पॉवर' स्थापन होऊन प्रकल्प पुन्हा चालू करण्यात आला. या वेळी भिस्त कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील स्वदेशी वायूवर होती. २००९ मध्ये सुरू झालेले तेथील उत्पादन अपेक्षेपेक्षा फार लवकर ओसरले आणि २०१३ मध्ये दाभोळची यंत्रे पुन्हा थांबली. २०१५ पासून रेल्वेला वीज पुरवून त्यांतील काही काळ चालविण्यात आली, इतकेच. इंधन कोठून येणार आणि त्याच्या भावाचा धोका कोणी पत्करावयाचा, हे आधी न ठरविता केंद्रे उभारली की काय होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

दरम्यान सुधारणांचे पर्व आले. १९९९ मध्ये राज्य वीज नियामक आयोग स्थापन झाला, २००३ चा वीज कायदा आला आणि जून २००५ मध्ये मंडळाचे विभाजन होऊन निर्मिती, पारेषण व वितरण यांच्या स्वतंत्र कंपन्या झाल्या. या सुधारणांचे खरे फलित कंपन्यांच्या नव्या पाट्यांत शोधू नये. आयोगापुढील जाहीर सुनावण्यांत प्रथमच सामान्य ग्राहकास प्रश्न विचारता आला, आणि मीटर नसलेल्या कृषिपंपांच्या नावावर वीजगळती व चोरीचा मोठा भाग खपविला जात होता, हे उघडकीस आले. ज्या शेतकऱ्यास रात्री अडखळत वीज मिळत होती, त्याच्याच खात्यावर इतरांची चोरी मांडली जात होती!

२०२४ मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांचे वीजबिल शासनाने आपल्या शिरावर घेतले. हा दिलासा मोलाचा आहे. परंतु बिल माफ झाले म्हणून मोजमापही माफ होता कामा नये. मोजमाप नसेल तर गळती पुन्हा त्याच आडोशाला जाईल आणि तिचा भार अखेर करदात्यावर व इतर ग्राहकांवर पडेल. शिवाय फुकटची वीज मध्यरात्री आली, तर बीजोत्पादकाचा प्रश्न होता तेथेच राहतो.

आता समृद्धी महामार्गाच्या कडेने नैसर्गिक वायूची वाहिनी विदर्भाकडे आली आहे; शेजारच्या सिंदखेड राजावरूनच हा महामार्ग जातो. वायूचे स्वागत अवश्य व्हावे. मात्र देशाच्या गरजेचा सुमारे निम्मा वायू आयात करावा लागतो आणि २०२२ च्या युक्रेन युद्धात त्याचे भाव कसे भडकले ते आपण पाहिले आहे. म्हणून त्याचा वापर स्वयंपाकघरे, कारखाने आणि सायंकाळची वाढती मागणी यांसाठी जपून व्हावा. शेतीला दिवसा वीज देण्यासाठी २०१७ साली सुरू झालेल्या सौर कृषी वाहिनी योजनेचा मार्ग अधिक सरळ आहे, कारण सूर्याचा भाव डॉलरमध्ये ठरत नाही.

व्यापारी गुप्तता पाळली नाही तर भांडवल येणार नाही, असा युक्तिवाद नेहमी केला जातो. दाभोळचा मूळ करारही दीर्घकाळ गुप्तच होता. त्या गुप्ततेने ना भांडवल वाचले ना वीज मिळाली. यापुढील प्रत्येक वायुखरेदीचा व वीजखरेदीचा करार सहीपूर्वी जनतेपुढे यावा, आणि प्रत्येक कृषी वाहिनीवर किती वीज सोडली व ती किती वाजता सोडली, याची नोंद ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी. एवढी मागणी शिक्षक, कर्मचारी व विद्यार्थी या सुशिक्षित वर्गाने तरी धरून ठेवली पाहिजे. कारण हिशेब वाचण्याचे शिक्षण समाजाने त्यांना दिले आहे.