कॅमेऱ्याची सॅक : पाठीला विचारून घ्यावयाची वस्तु

छायाचित्रणाची हौस आतां आपल्या घराघरांत येऊन बसली आहे. बहुतेकांचें काम मोबाइलवरील कॅमेऱ्यानें भागतें. परंतु ज्यांचें तेवढ्यानें समाधान होत नाहीं असे तरुण-तरुणी स्वतंत्र कॅमेरा व दोन-तीन लेन्स घेऊन सुट्टीच्या दिवसांत गड, लेणीं, देवळें आणि अभयारण्यें धुंडाळीत असतात. कॅमेरा कोणता घ्यावा याविषयीं घरांत महिना महिना खल चालतो. तो वाहून नेण्याची सॅक मात्र रंग व कप्पे पाहून पांच मिनिटांत घेतली जाते. वास्तविक कॅमेऱ्यांतील दोष चित्रांत उमटतो, तर सॅकमधील दोष मानेंत, खांद्यांत आणि कमरेंत उमटतो, व तेथें तो पुष्कळ दिवस राहतो. म्हणून या साध्या वस्तूविषयीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

छायाचित्रकाराचें ओझें ही कांहीं आजची गोष्ट नव्हे. इ. स. १८३९ मध्यें पॅरिस येथें दागेरची युक्ति जाहीर झाली, आणि १८५४ मध्यें आपल्या मुंबईंत बाँबे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. त्यानंतर कित्येक वर्षें जी पद्धति रूढ होती तींत कांचेवर ओला लेप चढवून, तो वाळण्यापूर्वींच चित्र घ्यावें व तेथल्या तेथें धुवावें लागे. त्यामुळें काळोखाचा तंबू, रसायनें, जड कांचा हा सारा संसार छायाचित्रकाराबरोबर हिंडे. सॅम्युअल बोर्न हा इंग्रज छायाचित्रकार १८६३ मध्यें सिमल्याहून हिमालयांतील दहा आठवड्यांच्या प्रवासास निघाला, तेव्हां त्याचें सामान वाहण्यास सुमारें तीस मजूर होते. त्याचीं चित्रें आपण आजही कौतुकानें पाहतों. तें सामान ज्यांच्या पाठीवरून गेलें त्यांचा विचार क्वचितच कोणाच्या मनांत येतो. आज उपकरणें पुष्कळ हलकीं झालीं, परंतु मजूरही राहिले नाहींत. सगळें ओझें आतां एकाच पाठीवर आलें आहे, आणि ती पाठ आपल्याच घरांतील मुलाची किंवा मुलीची आहे.

यास्तव सॅक निवडण्याची पहिली पायरी दुकानांत नसून स्वयंपाकघरांतील वजनकांट्यापाशीं आहे. बरोबर न्यावयाची प्रत्येक वस्तु त्यावर ठेवावी आणि आंकडा कागदावर मांडावा. माझ्या पुतण्यानें राजगडाच्या वारीसाठीं काढलेलें सामान आम्ही असेंच मोजलें. कॅमेरा ७०० ग्रॅम. २४ ते ७० मिलिमीटरची लेन्स ८०० ग्रॅम. दूरचें टिपणारी ७० ते २०० मिलिमीटरची लेन्स १ किलो ३०० ग्रॅम. ट्रायपॉड १ किलो ४०० ग्रॅम. बॅटऱ्या, चार्जर व किरकोळ वस्तु ५०० ग्रॅम. एक लिटर पाणी १ किलो. डबा व रेनकोट मिळून १ किलो. आणि खुद्द रिकामी सॅक २ किलो. बेरीज ८ किलो ७०० ग्रॅम झाली. मग आम्हीं दुसरी यादी केली. तोच कॅमेरा, दोहोंऐवजीं २४ ते १०५ मिलिमीटरची ७०० ग्रॅमची एकच लेन्स, ट्रायपॉड घरीं, किरकोळ वस्तु ३०० ग्रॅम, पाणी व डबा पूर्ववत् आणि दीड किलोची सॅक. ही बेरीज ५ किलो २०० ग्रॅम भरली. साडेतीन किलोंचा फरक पडला, आणि तो दुकानांत पाऊल टाकण्यापूर्वींच पडला.

किती वजन योग्य, असें कोणी विचारील. आयुष्यभर दप्तरें पाहिलेल्या शिक्षकास एक माप सहज सुचतें. केंद्र सरकारच्या २०२० सालच्या दप्तरविषयक धोरणांत मुलाच्या दप्तराचें वजन त्याच्या शरीराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून अधिक नसावें असें म्हटलें आहे. हा नियम वाढत्या मुलांचा. धडधाकट तरुण याहून अधिक उचलूं शकतो हें उघड आहे. परंतु छायाचित्रकार नुसता चालत नाहीं. तो वांकतो, गुडघ्यांवर बसतो, दगडावर चढतो, आणि सॅक दिवसांतून वीस वेळां काढतो व पुनः चढवितो. त्याला दहावा हिस्सा हें आरंभींचें माप म्हणून वाईट नाहीं. पंचावन्न किलो वजनाच्या माणसास तें साडेपांच किलो येतें. म्हणजे वरील दुसरी यादी बसते, पहिली बसत नाहीं. यादी आधीं ठरली म्हणजे सॅकचा आकार आपोआप ठरतो. एका दिवसाच्या भटकंतीला २० ते २५ लिटर मापाची सॅक बहुधा पुरते. मोठी सॅक घेतली तर रिकामी जागा डोळ्यांस सलते, आणि ‘असूं द्या बरोबर’ म्हणून ती भरली जाते. पतंजलींनीं अपरिग्रह सांगितला तो योगसाधकाला. पण पाठीवर घर घेऊन निघालेल्या प्रवाशासही तो तितकाच हितकर आहे.

आतां पाठीचें माप. अंगरख्यासाठीं आपण शिंप्याला माप देतों; सॅकसाठीं कोणी देत नाहीं. मान खालीं वांकविली असतां मानेच्या बुडाशीं जें हाड वर येतें तेथें फितीचें एक टोंक धरावें. कमरेच्या दोन्ही बाजूंस चांचपलें असतां हाडांच्या ज्या कडा लागतात, त्या कडांना जोडणाऱ्या रेषेपर्यंत कण्यावरून फीत खालीं आणावी. ही झाली आपल्या पाठीची लांबी. सॅकचा कमरपट्टा पोटावर न बसतां बरोबर त्या हाडांच्या कडांवर बसला पाहिजे. तसा तो बसून आवळला गेला कीं ओझ्याचा मोठा भाग कमरेवर व तेथून पायांवर उतरतो. खांद्यांवरचे पट्टे मग मुख्यतः सॅक पाठीशीं धरून ठेवण्याचें काम करतात. कमरपट्टा म्हणून नुसती एक बारीक पट्टी शिवलेली असेल तर ती सॅक हलू देत नाहीं एवढेंच. वजन ती पेलत नाहीं. छातीवरचा आडवा पट्टाही असावा, म्हणजे खांद्यांवरचे पट्टे बाहेर घसरत नाहींत.

एकत्र कुटुंबांत या मापाचें महत्त्व विशेष आहे. आपल्याकडे थोरल्याची वस्तु धाकट्याकडे जाते; त्यांत काटकसर आहे आणि मायाही आहे. सदरा आंतून दाबून घेतां येतो, पण सहा फुटी दादासाठीं घेतलेली सॅक पांच फुटी बहिणीला दिली तर तिचा कमरपट्टा मांड्यांवर येतो आणि सगळा भार कोवळ्या खांद्यांवर लोंबकळतो. मुलगी दोन तासांत थकते, आणि घरांतील मंडळी म्हणतात, ‘हिला हें झेपायचें नाहीं.’ न झेपणारी वस्तु छायाचित्रण नसून दुसऱ्याच्या मापाची सॅक असते, हें कोणाच्या लक्षांत येत नाहीं. म्हणून घरांत एकच सॅक दोघां-तिघांनीं वापरावयाची असेल तर पाठीची लांबी कमी-अधिक करतां येणारी घ्यावी. स्त्रियांसाठीं आंखूड पाठीच्या व वळणदार पट्ट्यांच्या सॅकही मिळतात; त्या पाहाव्या.

सॅक रिकामी चढवून आरशांत पाहणें ही परीक्षा नव्हे. तींत आपल्या यादीइतकें वजन घालावें आणि वीस मिनिटें जिने चढावे-उतरावे. घरपोंच मागविली असेल तर परत करण्याची मुदत आधीं वाचून ठेवावी, आणि तांदळाची पिशवी किंवा शब्दकोशाचे खंड भरून घरांतच ही परीक्षा उरकावी. शब्दकोशाचा तेवढाच आणखी एक उपयोग!

सॅक कोठून उघडते हाही विचारणीय प्रश्न आहे. कांहीं सॅक बाहेरच्या अंगानें उघडतात. त्या जमिनीवर पाठीकडून ठेवाव्या लागतात, आणि तोच चिखल मग आपल्या अंगरख्यास लागतो. कांहीं पाठीला लागणाऱ्या बाजूनें उघडतात; त्यांत चिखलाचें भय नाहीं, आणि गर्दींत मागून कोणी चेन उघडूं म्हटल्यास उघडतां येत नाहीं. कांहींना कुशींत दार असतें. एका खांद्यावरून सॅक पुढें ओढली कीं कॅमेरा हातीं येतो. वारींत, जत्रेंत किंवा लोकलच्या गर्दींत पाठीकडून उघडणारी बरी; पक्षी टिपणारास कुशीचें दार सोयीचें. मात्र कुशीची चेन प्रत्येक वेळीं लावण्याची संवय नसेल तर लेन्स दरींत गेलीच म्हणून समजावें. बाहेर कॅमेऱ्याच्या कंपनीचें नांव मोठ्या अक्षरांत झळकत असेल तर ती सॅक टाळणें बरें. आंत काय आहे हें चोरास सांगण्याचें कारण नाहीं.

सह्याद्रींत हिंडणाऱ्यानें पावसाचा विचार प्रथम करावा. ‘पाणी झटकणारें कापड’ आणि ‘पाणी न शिरणारी सॅक’ या दोन भिन्न गोष्टी आहेत. कापडावरून थेंब ओघळले तरी शिवणींतून व चेनींतून पाणी शिरतें. म्हणून रेनकव्हर असावेंच. पण वारा तें उडवितो, आणि पाठीच्या बाजूनें ओघळणारें पाणी त्यानें अडत नाहीं. आंत एक जाड प्लॅस्टिकची पिशवी ठेवून कॅमेरा तींत गुंडाळणें हा स्वस्त व खात्रीचा उपाय आहे. पुष्कळ सॅकच्या कापडास आंतून पॉलियुरेथेनचा लेप दिलेला असतो. दमट हवेंत कांहीं वर्षांनीं तो चिकट होऊन सोलपटूं लागतो. जुनी सॅक घेतांना अस्तरावरून बोट फिरवून पाहावें.

येथें एक महत्त्वाची सूचना. प्रवास संपला कीं कॅमेरा सॅकमध्यें राहूं देऊं नये. आंतला फोम ओल धरून ठेवतो, आणि कोंकणांत किंवा मुंबईंत चार पावसाळी महिने बंद राहिलेल्या लेन्सच्या आंत बुरशीचें जाळें पसरतें. एकदां तिनें कांचेवरील लेप खाल्ला म्हणजे पुसून उपयोग होत नाहीं. सॅक उलटी करून वाऱ्यावर वाळवावी. कॅमेरा व लेन्स घट्ट झांकणाच्या डब्यांत सिलिका जेल घालून ठेवाव्या, आणि आंतील आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास राखावी. आर्द्रता दाखविणारें लहानसें यंत्र थोडक्या पैशांत मिळतें.

विमानानें जाणारांस आणखी एक बंधन आहे. आपल्या देशांतील बहुतेक कंपन्या साध्या वर्गाच्या उतारूस आपल्याजवळ ७ किलोंचें सामान ठेवूं देतात, आणि त्याचें माप बहुधा ५५ × ३५ × २५ सेंटिमीटर असतें. आपल्या तिकिटावरील नियम पाहून घ्यावा. लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या खालच्या सामानांत देण्यास मनाई आहे. त्या उतारूनें स्वतःजवळच, टोंकें झांकून, ठेवाव्या लागतात. १०० वॉट-तासांपर्यंतच्या बॅटरीस वेगळी परवानगी लागत नाहीं, आणि कॅमेऱ्याची बॅटरी साधारणतः पंधरा-सोळांचीच असते. जागा भरल्यामुळें ऐन दारांत सॅक खालीं पाठविण्याचा प्रसंग आला तर या बॅटऱ्या आधीं काढून घ्याव्या. कॅमेऱ्याचे मऊ कप्पे एका सुट्या पेटींत असलेली सॅक अशा वेळीं उपयोगीं पडते. पेटी काढून हातांत घेतां येते.

राहिला खर्चाचा प्रश्न. खास कॅमेऱ्याची म्हणून विकली जाणारी सॅक पुष्कळदां महाग असते व स्वतःच जड असते. ज्याच्या हौसेचा आरंभ आहे त्यानें घरांतली चांगली ट्रेकिंगची सॅक घ्यावी आणि तींत मऊ कप्प्यांची सुटी पेटी ठेवावी. दोन-चार प्रवास झाले कीं आपल्याला काय लागतें हें अनुभवानें कळतें. मग पैसा टाकावा. टाकतांना तो कप्प्यांच्या संख्येवर न टाकतां कमरपट्टा, चेन आणि पट्टे जेथें सॅकला जोडलेले असतात तेथली शिवण यांवर टाकावा. शिवण दुहेरी आहे कीं नाहीं हें घरांतील शिवणकाम जाणणाऱ्या वहिनी किंवा काकू दुकानदारापेक्षां लवकर सांगतील.

शेवटीं वडील मंडळींस विनंती. मुलानें वा मुलीनें सॅकसाठीं पैसे मागितले म्हणजे ‘फोटो काढायला एवढा थाट कशाला?’ असें म्हणून वाटेस लावूं नये, किंवा हौसेखातर जाहिरातींतली सर्वांत मोठी सॅकही आणून देऊं नये. वजनकांटा व फीत घेऊन त्यांच्यासमवेत अर्धा तास बसावें, यादी करावी, पाठीचें माप घ्यावें. ज्याच्या पाठीवर बेताचें ओझें आहे तो वळणावर थांबतो, उजेड बदलण्याची वाट पाहतो, वाटेंत भेटलेल्या म्हाताऱ्याशीं दोन शब्द बोलतो. ज्याचे खांदे दुखत आहेत त्याची नजर पायांखालच्या वाटेवरून वर उठत नाहीं, मग कॅमेरा कितीही भारी असो. आणि पंचविशींत जपलेली पाठ पन्नाशींतही गड चढेल, हा लाभ कोणत्याही चित्राहून कमी नाहीं.