शाई लागली का?

2008 च्या नोव्हेंबरात आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर अमेरिका उतरली होती. नवी मुंबईतल्या जुईनगरच्या स्टेशनाकडून आत वळलं की डाव्या हाताला असलेला साधा सिमेंटचा कट्टा. एरवी तिथे क्रिकेट, कॉलेजची अटेंडन्स आणि कोण कोणाबरोबर दिसलं यापलीकडे विषय जात नसे. पण त्या महिन्यात पोरांना ओहायोची किती मतं आणि कॅलिफोर्नियाची किती हे तोंडपाठ होतं. वीस आणि पंचावन्न. ओबामा निवडून आल्याची बातमी आपल्याकडे 5 तारखेच्या सकाळी आली आणि त्यातल्या दोघांनी त्या आनंदात पहिलं लेक्चर बुडवलं.

त्यांच्यातल्याच एकाने मला विचारलं होतं, "काका, आपल्याकडे राष्ट्रपतीला आपण का नाही मत देत?"

मी नागरिकशास्त्राच्या पुस्तकातलं उत्तर दिलं. आपले आमदार, खासदार देतात. आमदाराच्या मताला मूल्य असतं आणि महाराष्ट्राच्या आमदाराचं मूल्य 175. तो म्हणाला, "175 च का?" तिथे माझी विकेट पडली. घरी जाऊन शोधलं. राज्याची लोकसंख्या भागिले आमदारांची संख्या, भागिले हजार. मात्र लोकसंख्या आजची नाही, 1971 च्या जनगणनेतली, म्हणजे पाच कोटी चार लाख. ती तिथेच गोठवलेली आहे आणि 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत तशीच राहणार आहे. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना मार्च 1970 ची. म्हणजे ज्या साली ती शिरगणती झाली, त्या साली जुईनगर कागदावरही धड नव्हतं. इथे खाडी होती, भातखाचरं होती, आगरी-कोळ्यांची गावं होती. वाशीहून नेरूळपर्यंत लोकल आली ती 1993 च्या फेब्रुवारीत. राष्ट्रपतीच्या हिशेबात शेजारच्या शिरवणे गावाची माणसं आहेत, कट्ट्यावरच्या पोरांचे आईबाप आपापल्या गावाला मोजलेले आहेत आणि खुद्द आमचं नगर नाहीच. दुसऱ्या दिवशी त्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे आपण बॅलन्समध्येच नाही."

हे त्याचं वाक्य मी गेली सतरा-अठरा वर्षं निवडणुकीगणिक तपासून पाहतो आहे.

ओबामाच्या त्याच महिन्यात 26/11 झालं. मग मेणबत्त्या, मोर्चे, 'जागो रे'च्या जाहिराती. मुंबईतला तरुण खडबडून जागा झाला असं सगळी वर्तमानपत्रं लिहीत होती. लोकसभेचं मतदान आलं 30 एप्रिल 2009 ला. गुरुवार. शुक्रवारी महाराष्ट्र दिन, पुढे शनिवार-रविवार. चार दिवसांची सुट्टी सरकारनेच ताटात वाढल्यावर जे व्हायचं तेच झालं. मुंबईत आणि इकडे ठाण्यातही आकडा चाळीसच्या आसपास अडकला. दुसऱ्या दिवशी अग्रलेखांनी तरुणांना झोडपलं. मी मात्र कट्ट्यावर सहज विचारलं, तर सहा जणांपैकी मतदार यादीत नाव होतं दोघांचं. बाकीचे जागे होते, पण यादीत नव्हते.

मतदानाचं वय एकवीसवरून अठरावर आलं 28 मार्च 1989 ला, एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने. अमेरिकेने हेच 1971 मध्ये केलं होतं. व्हिएतनामला लढायला अठराव्या वर्षी पाठवता, मग मत का नाही, हा तिथला सवाल. आपल्याकडे असं काही मागणं रस्त्यावर पेटलेलं मला आठवत नाही. हक्क वरून आला, आणि वरून आलेल्या गोष्टीला फॉर्म भरावा लागतो हे बऱ्याच घरांत कोणी सांगितलंच नाही.

जुईनगरची आणखी एक गंमत आहे. वाशी-तुर्भ्याच्या बाजार समितीत माथाडी म्हणून आलेली साताऱ्या-सांगलीची, जुन्नर-आंबेगावची कुटुंबं इथे शेकड्याने आहेत. त्यांचं घर इथे आणि नाव तिथे. आमच्या खालच्या मजल्यावरच्या मुलाचं नाव त्याच्या चुलत्याने तो अठरा वर्षांचा होताच गावच्या यादीत घालून टाकलं. पोरगा जन्मला वाशीच्या दवाखान्यात, शिकला नेरूळला, आणि त्याचा आमदार मात्र कोरेगाव तालुक्यातला. 2014 च्या लोकसभेला साताऱ्याचं मतदान 17 एप्रिलला आणि इथलं 24 ला होतं. नवी मुंबईतल्या माथाडींच्या मेळाव्यात शरद पवारांनी त्यावर तिकडे मत द्या, शाई पुसा आणि इकडेही या, अशा अर्थाची टिप्पणी केली. मांडव हसला, निवडणूक आयोग हसला नाही. पवारांनी तो विनोद होता असं सांगितलं आणि प्रकरण मिटलं. खरं सांगायचं तर आमच्याकडे दोन मतं देणाऱ्यांपेक्षा एकही न देणारे कैक पटींनी जास्त. गावी जायला रजा नाही आणि इथे नाव नाही.

त्या 2014 चं वारं वेगळंच होतं. लोकसभेची निवडणूक असूनही सगळा थाट अध्यक्षीय होता. एक चेहरा, एक नाव, उमेदवार कोण हे विचारायचीसुद्धा गरज नाही. पोरांना हे फार भावलं; 2008 मध्ये टीव्हीवर पाहिलेलं आता घरी आलं होतं. पहिल्यांदाच मी कट्ट्यावरच्या मुलांना बोटाला लागलेली शाई मिरवताना पाहिलं. "शाई लागली का?" हा त्या दिवशीचा रामराम होता. देशात 66 टक्क्यांवर मतदान झालं, तोवरचा उच्चांक. ठाण्यानेही चाळिशी मागे टाकली.

सहाच महिन्यांत विधानसभा आली. कट्ट्यावर सामसूम. चेहरा नाही, तर कशाला? त्या ऑक्टोबरात आमच्या बेलापूर मतदारसंघात मंदा म्हात्रे यांनी गणेश नाईक यांना हरवलं, फरक 1,491 मतांचा. नवी मुंबईत नाईकांचा पराभव म्हणजे खाडीने उलट वाहावं तसं. तेव्हा शाई न लागलेल्या एकाने मला विचारलं होतं, "एवढ्याशाने?"

आणि मग आला तो काळ, ज्याबद्दल तरुणांना कोणी बोल लावू नये. 22 एप्रिल 2015 ला नवी मुंबई महापालिकेची निवडणूक झाली. पुढची 2020 च्या एप्रिलात व्हायची होती. करोना आला, मे महिन्यात प्रशासक आले, आणि नंतर प्रभागरचना, ओबीसी आरक्षण, तारखांवर तारखा. 2025 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने खडसावल्यावर गाडी हलली आणि मतदान झालं 15 जानेवारी 2026 ला. मध्ये गेली जवळजवळ पावणेअकरा वर्षं. 2015 च्या मे महिन्यात अठरा पूर्ण केलेली मुलगी नगरसेवकासाठी पहिलं मत देताना अठ्ठावीस वर्षांची होती. या काळात तिने दोनदा पंतप्रधान ठरवण्यात भाग घेतला, दोनदा आमदार निवडला, पण घरासमोरच्या गटाराचं झाकण कोणाकडे मागायचं तो माणूस तिला एकदाही निवडता आला नाही. कॉलेजातही तेच. नव्या विद्यापीठ कायद्याने 2016 मध्ये विद्यार्थी निवडणुकांचं दार पुन्हा उघडलं, आत मात्र कोणाला घेतलं नाही. ज्या वयात मत द्यायची सवय लागायची, त्या वयात सरावाची सगळी मैदानं बंद होती.

उत्साह नव्हता असं म्हणाल तर 2021 चा जून आठवा. नवी मुंबईच्या विमानतळाला भूमिपुत्रांचे नेते दि. बा. पाटलांचं नाव द्या म्हणून 10 तारखेला मानवी साखळी झाली आणि 24 ला सिडको भवनाला घेराव. आमच्याकडच्या गावांतली विशी-बाविशीतली पोरं-पोरी मुखपट्ट्या लावून भर पावसाळ्यात रस्त्यावर उभी होती. त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी आजवर एक नगरसेवक निवडला नव्हता.

20 मे 2024, सोमवार. लोकसभेचं मतदान. उन्हाचा असा तडाखा की शाळेच्या पटांगणात घातलेल्या मांडवाचं कापडही तापलेलं. माझ्यापुढे एक मुलगी, पहिलं मत, चांगला कुडता घालून आलेली. दारात पोलिसाने मोबाइल आत चालणार नाही म्हणून सांगितलं. एकटी होती, ठेवणार कोणाकडे? रसवंतीवाल्याकडे ठेवला. दीड तासाने टेबलापाशी पोचली तर यादीत नाव नाही. घर वर्षभरापूर्वी सेक्टर बदलून इकडे आलेलं, भाड्याचं. नाव राहिलं जुन्या पत्त्यावरच्या केंद्रात. "तिकडे जा," म्हणाले. रिक्षा करून गेली की घरी गेली, देव जाणे. त्या दिवशी ठाणे मतदारसंघात मतदान झालं 52 टक्के; गडचिरोली-चिमूरमध्ये आधीच्या टप्प्यात ते सत्तरच्या वर गेलं होतं. तिकडे लोक जंगलातून चालत येतात आणि इकडे लोकांना लिफ्ट उतरवत नाही, असा विनोद फिरला. मला त्या मुलीचा कुडता आठवत राहिला.

सहा महिन्यांनी, 20 नोव्हेंबरला, विधानसभा. राज्यात 66 टक्क्यांवर मतदान, 1995 नंतरचं सगळ्यात जास्त. बेलापुरात पुन्हा मंदा म्हात्रे, समोर यावेळी गणेश नाईकांचे चिरंजीव संदीप नाईक. दोघांनाही 91 हजारांवर मतं. निकाल लागला 377 मतांनी. सकाळच्या एका लोकलच्या दोन डब्यांत ही माणसं आरामात कोंबता येतील. जुईनगर स्टेशनावर तर तेवढी रोज जिना चढता चढता एकमेकांच्या पायावर पाय देतात. त्या रात्री कट्टा चिडीचूप होता. 2008 मध्ये प्रश्न विचारणारा आता पस्तिशीला आलाय, पोटावर बाळ बांधून फिरतो. तो म्हणाला, "आमच्या दोन सोसायट्यांत न गेलेले मोजले तरी एवढे होतील." मी मोजायला गेलो नाही, त्यालाही म्हटलं नको मोजू.

यंदाच्या जानेवारीत महापालिकेला रांगेत तरुण दिसले, आणि गोंधळलेले दिसले. एका प्रभागात चार नगरसेवक, म्हणून एकाच माणसाने चार बटणं दाबायची: पांढरी, गुलाबी, पिवळी, निळी मतपत्रिका. पहिलं बटण दाबून निघालेल्या एका पोराला मतदान अधिकारी बाईंनी "अरे बाळा, अजून तीन!" म्हणून परत बोलावलं. ओहायोची मतं पाठ असलेल्या पिढीच्या धाकट्या भावंडांना आपल्याच प्रभागात चार मतं आहेत हे आत जाऊन कळलं. यात त्यांची चूक किती?

शाईचाही त्या दिवशी घोळ झाला. लोकसभेला म्हैसूरहून येणारी बाटलीतली शाई असते, इथे मार्कर पेन होतं, आणि नखपॉलिश काढायच्या द्रावणाने ती जाते अशा तक्रारी मुंबईभर झाल्या. बारा वर्षांपूर्वीचा साताऱ्याचा विनोद असा परत आला. आमच्या खालच्या मजल्यावरच्याची शाई मात्र आठवडाभर टिकली. त्याने गेल्या वर्षी नाव गावाकडून इकडे आणलं. चुलता अजून बोलत नाही त्याच्याशी.

2027 च्या जुलैत राष्ट्रपतीपदाची निवडणूक यायची आहे. आमदार मुंबईला विधानभवनात जातील, आयोगाने दिलेल्या जांभळ्या शाईच्या पेनाने गुलाबी मतपत्रिकेवर पसंतिक्रम लिहितील. बेलापूरच्या आमदाराच्या त्या एका मताच्या मागे 377 चा फरक असेल. बॅलन्समध्ये नसलेल्या नगराचा हिशेब एवढाच, पण तो इथेच झालेला आहे.

घरात सतरा पूर्ण झालेलं कोणी असेल तर त्याचा नमुना 6 आगाऊ भरून ठेवता येतो. नाव लागायच्या तारखा आता वर्षाला चार आहेत, 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर. भाड्याचं घर बदललं असेल तर नमुना 8. निवडणूक जाहीर व्हायची वाट पाहू नका, तेव्हा टेबलापाशी फार गर्दी असते.