मरत नाहीत, पण चिकटतात का?

मूत्रमार्गाच्या संसर्गात बहुतेक वेळा दोषी ठरणारा ई. कोलाय हा जिवाणू लघवीच्या धारेबरोबर वाहून जात नाही, कारण त्याच्या अंगावर बारीक तंतू असतात. तंतूच्या टोकाचे फिमएच हे प्रथिन मूत्राशयाच्या पेशींवरची मॅनोज शर्करा धरून ठेवते. जिवाणू मारण्याइतके प्रतिजैविक न देता फक्त ही पकड सोडवता येईल का, हा प्रश्न १९७०च्या दशकात स्वीडनमधील संशोधकांनी हाती घेतला. पद्धत साधी, पण चिकाटीची. लघवीतून गळलेल्या पेशी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वेगळ्या करायच्या, अपुऱ्या औषधात वाढवलेल्या जिवाणूंसोबत ठेवायच्या, न चिकटलेले धुऊन काढायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेका पेशीवर उरलेले जिवाणू मोजायचे. अँपिसिलिनच्या अशा मात्रेनंतर पकड ढिली झालेली दिसली. हे औषध पेशीभित्तिका बांधण्याच्या कामात अडथळा आणते. त्यामुळे जिवाणूचे दोन होत नाहीत, तो दोऱ्यासारखा लांबत जातो.

मग कमी मात्राच का देऊ नये? पहिली अडचण अशी की हा गुण सगळ्या औषधांचा नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सिप्रोफ्लॉक्सासिनच्या अपुऱ्या मात्रेत वाढलेले जिवाणू उलट अधिक चिकटले आणि उंदरांच्या मूत्राशयात त्यांची संख्या वाढली. शिवाय लघवीत गळलेल्या पेशी म्हणजे मूत्राशयाचे जिवंत अस्तर नव्हे, ही मर्यादा जुन्या प्रयोगांना आहेच.

वारंवार उन्हाळी लागणाऱ्यांना डॉक्टर रात्री नायट्रोफ्युरँटॉइनची छोटी गोळी देतात, ते काय, असे कोणी विचारील. पण ती मात्रा रक्तापुरतीच छोटी. मूत्रपिंडातून गाळले जाणारे हे औषध लघवीत भरपूर साचते आणि तिथे जिवाणूंना रोखू शकते. पकड ढिली होण्याचा फायदा असलाच तर औषध ओसरतानाचा, म्हणजे वरकड. आणि किंमत मोजावी लागतेच. स्वतः कॅथेटर घालणाऱ्या रुग्णांवरील २०१८च्या ब्रिटिश चाचणीत वर्षभराच्या कमी मात्रेने संसर्ग जवळजवळ निम्म्यावर आले, पण ट्रायमेथोप्रिम या प्रतिजैविकाला न जुमानणाऱ्या जिवाणूंचे प्रमाण औषध न घेणाऱ्या गटातील ३३ टक्क्यांऐवजी ६७ टक्के भरले. अपुऱ्या मात्रेचा असा भरवसा नाही, तेव्हा जळजळ थांबली म्हणून उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी राखून ठेवू नका. कोणते औषध, किती आणि किती दिवस, हे लघवीच्या कल्चरचा अहवाल पाहून डॉक्टरांना ठरवू द्या.